तिसऱ्यांदा विचारायचं असतं

आमच्या एल्व्हस्टाडमध्ये कॉफी घेण्याची एक रीत आहे. यजमानीण पहिल्यांदा विचारते तेव्हा पाहुण्याने "नको, नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारल्यावर "कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धाच कप" म्हणून काठोकाठ भरलेला कप घ्यायचा. एकदाच विचारून किटली खाली ठेवणारी बाई कंजूष समजायची, आणि पहिल्याच विचारणीला कप पुढे करणारा माणूस बाहेरगावचा.

दुखण्याचंही तसंच. मिनेसोटाच्या या वायव्य कोपऱ्यात "दुखतंय" असं सरळ सांगणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. "कसं काय?" विचारलं की सगळे एकच उत्तर देतात: "तसं काही वाईट नाही." मी तीस वर्षं इथल्या क्लिनिकात नर्स होते, त्यामुळे माझ्या डोक्यात एक कोष्टक तयार झालेलं आहे. "छान" म्हणजे गुडघे दुखताहेत. "तसं काही वाईट नाही" म्हणजे आज तपासायला हवं. "याहून वाईट होऊ शकलं असतं" म्हणजे अँब्युलन्स.

आता मी नर्स नाही, काळजी-समन्वयक आहे. म्हणजे पूर्वी सुया टोचायचे, आता फोन करते. लोकांना सुया जास्त आवडायच्या.

दोन वर्षांपूर्वी आमचं क्लिनिक एका गटात सामील झालं. गट म्हणजे जिल्ह्यातली क्लिनिकं, बावीस खाटांचं हॉस्पिटल, व्यायामोपचारवाले आणि लिंडेनहोम नावाचं शुश्रूषा केंद्र. पासष्टी उलटलेल्यांचा आरोग्यविमा सरकारकडे असतो. सरकार म्हणतं, तुमच्या या म्हाताऱ्यांवर वर्षाला साधारण इतका खर्च होईल असा आमचा हिशेब आहे. तुम्ही सगळे एकमेकांशी बोलून, एकच तपासणी तीनदा न करता, माणसाला पडण्याआधीच सावरून तो कमी केलात आणि रक्तदाब वगैरे बघून आम्ही देतो ते तब्येतीचे गुणही चांगले राखलेत, तर वाचलेल्यातला वाटा तुमचा. उलट खर्च वाढला तर भुर्दंडही तुमचाच. "एकमेकांशी बोलून" हा भाग मी बघते. ज्या गावात दोन भाऊ एकाच कुंपणावरून एकोणीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, तिथे हे काम किती सोपं असेल ते तुम्हीच ठरवा.

आता व्हेस्टा क्वामे.

वय एकोणऐंशी, वजन शंभर पौंडांच्या आत, नाकावर माशी बसू न देणारी बाई. चर्चच्या रविवारच्या शाळेत तिने अर्ध्या गावाला शिकवलंय. आमच्या डॉक्टर लेलंड टोर्विकला शिकवलंय आणि मलाही. मी आता एकसष्टची आहे, तरी तिच्यासमोर उभी राहिले की हात आपोआप मागे जातात.

क्लिनिक गटात आलं त्याच्या आदल्याच हिवाळ्यात तिचा नवरा आन्सगर वारला. दोनशे तीस पौंडांचा धिप्पाड माणूस. फ्लू छातीत उतरला आणि पाय लटपटायला लागले म्हणून त्याला हॉस्पिटलात आणलं. टोर्विकने विचारलं, "कसं वाटतंय, आन्सगर?" आन्सगर म्हणाला, "तसं काही वाईट नाही." टोर्विकने तेच लिहिलं. दोन रात्री आन्सगर हॉस्पिटलात होता. खाट तीच, चादर तीच, सूप तेच, पण त्या एका ओळीमुळे कागदावर तो 'दाखल' नव्हता, 'निरीक्षणाखाली' होता. सरकारचा नियम असा, की तीन रात्री दाखल असाल तरच पुढे शुश्रूषा केंद्राचे पैसे सरकार देणार. निरीक्षणाच्या रात्री त्यात धरत नाहीत. दाखलच नाही, तर केंद्र कुठलं? आन्सगर घरी आला. व्हेस्टा त्याला उचलणार कशी? अकराव्या दिवशी तो न्हाणीघरात पडला. नाताळच्या आधी गेला.

पुढच्या वर्षात व्हेस्टा टोर्विककडे पाच वेळा आली, पाचही वेळा भांडायला. पण आमच्याकडे भांडायलासुद्धा वेळ ठरवून येतात. ती फोन करून अपॉइंटमेंट घ्यायची, दहा मिनिटं आधी येऊन बसायची, वजन करू द्यायची, रक्तदाब मोजू द्यायची, मग दार लावून वीस मिनिटं अगदी खालच्या आवाजात टोर्विकला सोलून काढायची. आवाज बाहेर यायचा नाही. टोर्विक मात्र बाहेर यायचा तेव्हा कानांपर्यंत लाल झालेला असायचा. रागाने रक्तदाब वाढतो म्हणतात. हिचा पाचही वेळा एकशेवीसच्या आत.

येताना ती घरी भाजलेल्या लिंबाच्या वड्या आणायची. क्लिनिकात टोर्विक धरून आम्ही सात. वड्या सहा.

त्यानंतरच्या जानेवारीत गटाचं पत्र सगळ्यांच्या घरी गेलं. दुसऱ्या दिवशी व्हेस्टा माझ्या टेबलासमोर उभी.

"आर्डिस, हे काय आहे?"

"पत्र आहे, क्वामेबाई. सगळ्यांना गेलंय."

"वाचता येतं मला. तुला वाचायला मीच शिकवलं. यात लिहिलंय की माझे डॉक्टर या गटात आहेत. माझे डॉक्टर म्हणजे कोण?"

"टोर्विक."

"त्याला मी माझा कधी केला?"

"गेल्या वर्षी. पाच वेळा."

तिने पत्र टेबलावर ठेवलं आणि बोटाने सपाट केलं. "मी त्याचे कान उपटायला येत होते."

"सरकारला कान दिसत नाहीत, भेटी दिसतात. ज्या डॉक्टरकडे तुम्ही वर्षात सगळ्यात जास्त गेलात, त्याच्या यादीत तुमचं नाव जातं."

"म्हणजे जितकी भांडले, तितकी मी त्याची झाले?"

"हो. लग्नासारखंच."

ती हसली नाही. मीही हसले नसते, पण तोंडातून निघून गेलं होतं.

"आणि माझ्यावर खर्च कमी झाला की त्याला पैसे मिळणार?"

"गटाला. वाचले तर, आणि तब्येतीचे गुण चांगले असले तर. तुमचा रक्तदाब आमच्या यादीत सगळ्यात सुंदर आहे."

"म्हणजे सगळ्यात स्वस्त पेशंट मेलेला."

"नाही हो. मरताना फार खर्च होतो. सगळ्यात स्वस्त पेशंट म्हणजे धडधाकट आणि चिडका. तुमच्यासारखा."

"माझं नाव काढ."

"मला काढता येत नाही. वर्षाची यादी लागलेली आहे. तुम्ही कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ शकता, तुम्हाला कोणी अडवणार नाही. तुमच्या बिलांची माहिती गटाला देऊ नका, एवढं मात्र सरकारला फोन करून सांगता येतं. नंबर खाली आहे."

तिने तो फोन माझ्याच टेबलावरून केला. चाळीस मिनिटं. पलीकडच्या मुलीला आडनावाची अक्षरं दोनदा सांगितली, तिच्या आवाजावरून तिला सर्दी झालीय हे ओळखलं, तिला मधाचं पाणी प्यायला सांगितलं आणि आपली माहिती बंद करून घेतली. मग मला म्हणाली, "आता तुझ्या गटाला माझं काही कळणार नाही."

"फोन करायचा मला अजून अधिकार आहे," मी म्हटलं. "दर पंधरा दिवसांनी."

"कर. उचलायचा की नाही, तो अधिकार माझा."

पुढच्या आठवड्यात ती पन्नास मैलांवरच्या एका नव्या डॉक्टरकडे गाडी हाकत गेली. परत येताना बर्फात दोनदा थांबावं लागलं म्हणे. पुन्हा गेली नाही. पण एकदा तरी जाऊन आली हे अख्ख्या गावाला कळेल, अशी व्यवस्था तिने चर्चच्या कॉफीला केली.

फेब्रुवारीत, एका सोमवारी सकाळी, पंधरवड्याच्या फोनचा दिवस होता. मी यादीतून खाली येत येत तिच्यापाशी पोचले. तिने पहिल्याच घंटेला फोन उचलला. तिथेच माझं लक्ष ताठ झालं. व्हेस्टा क्वामे पहिल्या घंटेला फोन उचलत नाही.

"कसं काय, क्वामेबाई?"

"याहून वाईट होऊ शकलं असतं."

मी पेन खाली ठेवलं. "काय करताय?"

"बसलेय."

"कुठे?"

"स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर."

"कधीपासून?"

खुर्ची करकरली. मग, "शनिवारपासून. पण मधे मधे उठले. भिंत धरून. तू उगाच मोठं करू नकोस हं, आर्डिस. कचऱ्याचा डबा आत आणताना पाय सरकला, एवढंच."

"मी अँब्युलन्स पाठवतेय."

"नको, नको."

"पाठवतेय."

"कशाला उगाच त्रास त्यांना."

"क्वामेबाई, तिसऱ्यांदा सांगते. पाठवतेय."

"बरं," ती म्हणाली. "पण भोंगा नको."

कमरेखालचं हाड दोन ठिकाणी तडकलं होतं. शस्त्रक्रिया लागणारी मोड नव्हती. रोज कोणीतरी धरून चालवायचं, व्यायाम करून घ्यायचे, पडू द्यायचं नाही, मग सहा-आठ आठवड्यांत हाड आपोआप जुळतं. म्हणजे हॉस्पिटलात दाखल करून घेण्यासारखं काही नाही आणि घरी एकटीने राहण्यासारखंही काही नाही. नेमकं आन्सगरचं कोडं. तीच इमारत, आणि घरी वाट पाहत असलेलं तेच न्हाणीघर.

फरक एकच होता. गटात आल्यापासून आम्हाला तीन रात्रींची अट माफ आहे. आमच्या यादीतल्या माणसाला आम्ही सरळ लिंडेनहोमला नेऊ शकतो आणि पैसे सरकार देतं. मात्र गटाच्या डॉक्टरने स्वतः तपासून लिहून द्यायला हवं, की या माणसाला रोज उपचार लागणार आहेत. आमच्या गावात गटाचे डॉक्टर दोन, क्लिनिकात टोर्विक आणि हॉस्पिटलात दुसरा. तो दुसरा एप्रिलपर्यंत ॲरिझोनात ऊन खात होता.

मी व्हेस्टाला खाटेशेजारी उभी राहून हे सगळं सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. अँब्युलन्सवाल्यांनी तिचा एकच बूट काढला होता. दुसऱ्याला तिने हात लावू दिला नव्हता.

"म्हणजे आन्सगरने आजारी पडायला एक वर्ष थांबायला हवं होतं," ती म्हणाली.

मी तिची चादर सारखी केली. हे वाक्य माझ्या कोष्टकात नव्हतं.

"आणि ही खाट मला मिळणार ती कशामुळे? मी लेलंडच्या यादीत आहे म्हणून."

"हो."

"ज्याच्यामुळे आन्सगरला मिळाली नाही, त्याच्या नावावर."

"हो."

"मग मी घरी जाते. माझा दुसरा बूट पायातच आहे. पहिला दे."

मी बूट दिला नाही. तो उचलून खिडकीवर ठेवला, तिच्या हाताला येणार नाही असा. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. पण बूट तिथेच राहिला.

टोर्विक बाहेर दारापाशी क्ष-किरणांचे फोटो बघत उभा होता.

"आत जाऊन एकदा विचारून लिहू नका," मी त्याला म्हटलं.

"माझं काम मला शिकवू नकोस, आर्डिस. पेशंट जे सांगतो ते मी लिहितो. नाहीतर उद्या सरकारच विचारेल, बाई म्हणतात बरं आहे आणि तुम्ही खाट कशी दिलीत."

"ती काय सांगणार हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही इथलेच आहात."

"तेच ती मला पाच वेळा सांगून गेलीय. वीस-वीस मिनिटं." त्याने फोटो पाकिटात सारले. "तीन रात्रींचा नियम मी केला नव्हता."

"नियम तुमचा नव्हता," मी म्हटलं. "एकदाच विचारणं तुमचं होतं."

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता नोकरी गेली. तो आत गेला.

मी दारातच थांबले. दोघांपैकी कोणीही मला जा म्हटलं नाही.

"क्वामेबाई," तो उभ्याउभ्याच म्हणाला, "किती दुखतंय?"

"तसं काही वाईट नाही."

त्याचा हात कीबोर्डवर गेला. मी बघत होते. व्हेस्टाही बघत होती, मांजर उंदराच्या बिळाकडे बघतं तशी. तिला तो हात चालायलाच हवा होता, असं मला वाटलं. तो चालला असता तर तिचं वर्षभराचं म्हणणं खरं ठरलं असतं, ती घरी गेली असती आणि त्याच न्हाणीघरात पडून तिने ते पुन्हा एकदा सिद्ध केलं असतं. आमच्या गावात माणसं याहून लहान गोष्टी सिद्ध करायला मेली आहेत.

टोर्विकने हात मागे घेतला.

"चालून दाखवता येईल?"

"येईल की. पण कशाला उगाच तुझा वेळ. बाहेर लोक थांबले असतील."

हे दुसऱ्यांदा होतं. त्याने संगणक बाजूला ढकलला, भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि खाटेशेजारी बसला. इतका जवळ की त्याचा गुडघा खाटेच्या दांडीला लागला. बराच वेळ तो तिच्या पायातल्या बुटाकडे बघत राहिला.

"शनिवारपासून हा बूट का काढला नाहीत?"

तिने चादरीची कड दोन्ही हातांनी धरली. मग ती बोलली, नेहमीच्याच खालच्या आवाजात. पण एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्या आवाजाला तडा गेला होता.

"दुखतंय म्हणून. वाकलं की डोळ्यांपुढे काळं येतं. दोन रात्री खुर्चीतच झोपले. संडासला जाताना भिंत धरून रडले. पुरे? का अजून हवंय?"

"पुरे."

"मग लिही."

तो लिहायला लागला. ती त्याच्या बोटांकडे बघत राहिली. शब्द चुकला तर खोडायला लावेल अशी.

"लेलंड."

"हं."

"आन्सगरला तू किती वेळा विचारलंस?"

बोटं थांबली. "एकदा."

"आर्डिस दारात उभी आहे. तिला ऐकू गेलं नाही."

"एकदा," तो मोठ्याने म्हणाला.

"तुझी आई मोडलेल्या मनगटाने आठवडाभर गाईंच्या धारा काढत होती आणि सगळ्यांना 'तसं काही वाईट नाही' सांगत होती. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास. तू रडत माझ्याकडे आलास, म्हणून मी तिला डॉक्टरकडे नेलं. म्हणजे तुला हे कळत नव्हतं असं नाही. तू कंटाळला होतास. बस, एवढंच मला ऐकायचं होतं."

त्याने माफी मागितली नाही. ती मागायलाही आमच्याकडे तीनदा विचारावं लागतं, आणि ती त्याला एकदाही विचारणार नव्हती. त्याने सही केली. संध्याकाळी चारला व्हेस्टा लिंडेनहोममध्ये होती. खिडकीजवळची खाट.

तिथे तिने सगळ्यांना जेरीस आणलं. व्यायाम करून घेणाऱ्या मुलाला "उभं राहायचं कसं" ते शिकवलं, कॉफी पातळ आहे असं रोज लेखी कळवलं, आणि सरकार पहिल्या वीस दिवसांचे पूर्ण पैसे देतं, एकविसाव्यापासून रोजचा भार आपल्यावर, हे कळल्यावर विसाव्या दिवशी सकाळी चाकांचा आधार ढकलत दारापर्यंत गेली आणि म्हणाली, "गाडी बोलवा." पुढचे व्यायाम घरी करून घेणारी बाई मी ठरवून दिली. न्हाणीघरात दांड्या बसवून घेतल्या. तिने त्या तिन्ही वेळा नाकारल्या. मी चौथ्यांदा न विचारता बसवल्या.

तिची बिलं गटाला दिसत नसली तरी माझ्या अंदाजाने वर्षाच्या हिशेबात ती आमची फायद्याची पेशंट ठरली. हे मी तिला सांगितलेलं नाही. मला अजून काही वर्षं जगायचंय.

एप्रिलमध्ये ती काठी टेकत क्लिनिकात आली. वेळ घेतलेली, दहा मिनिटं आधी.

"दुसरे डॉक्टर ॲरिझोनाहून आलेत," मी म्हटलं. "हवं तर पुढच्या भेटी त्यांच्याकडे लावते. पुढच्या वर्षी टोर्विकच्या यादीतून तुमचं नाव जाईल."

"कशाला? त्या माणसाशी माझं काही भांडण नाही." तिने डबा टेबलावर ठेवला. "लेलंडच्याच यादीत ठेव. त्याच्याशी अजून बरंच बोलायचंय."

रक्तदाब एकशे अठरा.

डबा उघडला. आम्ही सहाजणी जमलो. मी सवयीने मोजल्या. सात होत्या. मी पुन्हा मोजल्या. सातच. आमच्या मुलींनी एकमेकींकडे बघितलं. सहा वड्या उचलल्या गेल्या. सातवी डब्यात राहिली, कडेला जरा जास्त भाजलेली.

टोर्विक तिला आत न्यायला बाहेर आला. तिने डबा उचलून त्याच्यापुढे धरला.

"घेतोस?"

टोर्विक इथलाच. बावन्न वर्षांची सवय. हात छातीशी नेऊन तो म्हणाला, "नको, नको."

व्हेस्टाने डबा मागे घेतला, वडी उचलली आणि त्याच्या डोळ्यांत बघत, सावकाश चावत, सगळी खाल्ली. मग बोटं रुमालाला पुसली.

"विचारलं होतं," ती म्हणाली, आणि काठी टेकत त्याच्या पुढून आत गेली.